विकलं किती आणि खात्यात आलं किती

पत्र: सप्रेम नमस्कार. मी गडहिंग्लजची. खणाचे कुर्ते, टॉप, लहान मुलींची परकर-पोलकी आणि पर्स शिवून ऑनलाइन विकते. कापड कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येतं, शिवण गल्लीतल्या पाच जणी करतात. दोन प्लॅटफॉर्मवर माझं दुकान आहे. शिवाय इन्स्टाग्रामवर फोटो टाकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते. प्लॅटफॉर्मने मागितला म्हणून जीएसटी नंबर काढला. रिटर्न गावातले एक जण भरतात. एप्रिल ते डिसेंबर २०२५ या तिन्ही तिमाहींची रिटर्नं त्यांनी ‘निल’, म्हणजे विक्री शून्य दाखवून, भरली. म्हणाले, ‘एवढ्याशा धंद्याला कोण विचारतंय!’ परवा भाच्याने माझं २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचं प्राप्तिकर खात्याचं पत्रक, काढून दाखवलं. त्यात एकाच प्लॅटफॉर्मवर नऊ महिन्यांत ६ लाख ४० हजारांची विक्री दिसते. त्यांच्याकडून माझ्या बँकेत आलेत ४ लाख ७० हजार. मधले पैसे कुठे गेले? कर कोणत्या आकड्यावर भरायचा? यजमान म्हणतात, हातात काही राहत नाही तर कर कसला, नंबरच रद्द करून टाक. वही लिहायला घेते, पण सण आले की सुटते. टॅली शिकू का? आणि दोन मशिनी घ्यायच्यात, त्यासाठी तीन लाखांचं कर्ज मिळेल का?
— एक उद्योजिका, गडहिंग्लज

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचे पैसे कुणी खाल्लेले नाहीत, हे आधी सांगतो. तुमच्या भागात दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल घरोघरी येतं. दूध घातलेलं असतं पाच हजारांचं. त्यातून पशुखाद्याचे पैसे जातात, उचल जाते, आणि हातात येतात तीन हजार. म्हणून कुणी ‘मी तीन हजारांचं दूध घातलं’ असं म्हणत नाही. तुमच्या प्लॅटफॉर्मचं सेटलमेंट अगदी तसंच आहे. फरक इतकाच की संस्थेच्या बिलावर कपात ठळक छापलेली असते आणि इथे ती एका लांबलचक एक्सेल फाइलमध्ये असते, जी तुम्ही बहुधा कधी उघडलेली नाही.

एक कुर्ता घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमचे थोडे वेगळे असतील. कुर्ता विकला १,०५० रुपयांना. त्यातली मूळ किंमत १,०००, जीएसटी ५ टक्क्यांनी ५०. प्लॅटफॉर्मने कमिशन आणि कुरिअर मिळून १८० कापले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२ रुपये ४० पैसे. मग टीसीएस. प्लॅटफॉर्मने तुमच्या विक्रीतून जीएसटीपोटी आधीच कापून सरकारकडे भरायची ही रक्कम १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, म्हणजे ५ रुपये. आणि तसाच आधी कापलेला प्राप्तिकर, म्हणजे टीडीएस. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे, म्हणजे साधारण १ रुपया. सगळं वजा जाता तुमच्या खात्यात आले ८३१ रुपये ६० पैसे.

आता तुमच्या वहीत काय लिहिलेलं असेल? ‘कुर्ता, ८३१’. सगळ्या घोळाचं मूळ या एका ओळीत आहे. विक्री १,००० ची झाली आणि ५० रुपये कर गिऱ्हाइकाकडून तुमच्याकडे आला. १८० हा खर्च. ३२.४० हा तुम्ही भरलेला कर, तो तुम्हाला वजा मिळतो. ५ आणि १ हे तुमच्याच नावाने सरकारकडे जमा आहेत. एका आकड्यात हे सगळं दाबून टाकलं की पुढे कुठलाच हिशेब जुळत नाही. जीएसटीचाही नाही, प्राप्तिकराचाही नाही, आणि कुर्त्यामागे तुम्हाला सुटतं किती तेही कळत नाही.

तेव्हा तुमच्या १ लाख ७० हजारांतला मोठा भाग कमिशन, कुरिअर आणि त्यावरच्या करात गेला असणार, आणि बराचसा परत आलेल्या मालात. कपड्यांत ‘साइज बसत नाही’ म्हणून माल परत येतो. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर गिऱ्हाईक दारातूनच पार्सल परत धाडतं, ज्याला तुम्ही विक्रेते आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणता. अशा मालाची मूळ विक्री एका महिन्यात दिसते आणि वजावट पुढच्या महिन्यात येते, म्हणून कुठल्याही एका तारखेला आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगा. २६एएसमध्ये दिसते ती तुमची सगळी विक्री नाही. व्यक्तीने पॅन दिलेला असेल आणि एका प्लॅटफॉर्मवरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल, तर त्या प्लॅटफॉर्मला हा टीडीएस कापावा लागत नाही. तुमचा दुसरा प्लॅटफॉर्म त्यामुळेच तिथे दिसत नसावा. व्हॉट्सअ‍ॅपवरची विक्री तर तिथे येणारच नाही. ‘सरकारला दिसतं तेवढंच दाखवू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, कारण जीएसटीच्या बाजूने दुसरा प्लॅटफॉर्मही तुमची विक्री कळवतोच आहे.

आता निल रिटर्नकडे येतो. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

प्रत्येक प्लॅटफॉर्म दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, जीएसटीआर-८ नावाचं विवरण भरतो. त्यात तुमच्या जीएसटी नंबरासमोर तुमची विक्री, परत आलेला माल आणि कापलेला टीसीएस लिहिलेला असतो. त्याच नंबराखाली तुमचं रिटर्न म्हणतं, विक्री शून्य. ही तुलना करायला कुणी अधिकारी गडहिंग्लजला यावा लागत नाही, संगणकच करतो. वर प्राप्तिकराच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, तुमच्या जीएसटी रिटर्नमधली उलाढालही दिसते, म्हणजे एका सरकारी कागदावर ६ लाख ४० हजार आणि त्याच्याच जवळ शून्य. अशी तफावत दिसली की जीएसटी खात्याची छाननीची नोटीस, एएसएमटी-१०, येऊ शकते. तिला साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

‘एवढ्याशा धंद्याला कोण विचारतंय’ हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतोय. विक्रीकराच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं, आज नाही. रिटर्न भरणाऱ्या गृहस्थांना मी फार दोष देत बसणार नाही. त्यांना तुम्ही प्लॅटफॉर्मचे विक्री अहवाल दिलेच नसतील तर ते आकडे आणणार कुठून? पण विचारून घ्यायचं काम त्यांचं होतं आणि तीन वेळा निल भरण्याआधी फोन करायला हवा होता. कायद्याने मात्र जबाबदारी तुमची आहे. रिटर्न तुमच्या ओटीपीने गेलं की ते तुम्ही भरलं. इथे एक तपासा: पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल तुमचा आहे का त्यांचा? लहान गावांत निम्म्या वेळा तो भरणाऱ्याचाच असतो, आणि नोटीस तिसऱ्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते. त्यांचा असेल तर या आठवड्यात बदलून घ्या आणि पासवर्डही स्वतःकडे ठेवा. काम त्यांच्याकडे ठेवलं तरी चालेल, किल्ली नको.

दुरुस्ती होते. भरलेलं रिटर्न मागे जाऊन बदलता येत नाही, पण राहून गेलेली विक्री पुढच्या रिटर्नमध्ये दाखवता येते. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ आहे. तोवर थांबायचं कारण नाही. जानेवारी-मार्च तिमाहीचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, तुम्हाला १३ एप्रिल २०२६ पर्यंत आणि ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २२ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचंच आहे. त्यातच मागच्या नऊ महिन्यांची विक्री घ्या, जो कर निघेल तो भरा आणि उशिराचं व्याज वार्षिक १८ टक्क्यांनी भरा. व्याज नेमकं कोणत्या रकमेवर आणि कोणत्या तारखेपासून, हे करसल्लागाराकडून लेखी काढून घ्या. नोटिशीच्या आधी आपण होऊन कर आणि व्याज भरलं तर साधारणपणे दंडाचा प्रश्न राहत नाही. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर राहतो. ‘निल’ची चौथी फेरी झाली तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कुणाला पटवून देणार?

एवढं करून या निल रिटर्नांनी तुमचे पैसे तरी किती वाचले? तोच कुर्ता बघा. तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर ५० रुपये. कमिशनवर भरलेला ३२.४०. कापड ४०० चं, त्यावर ५ टक्के म्हणजे २०. वजावट झाली ५२.४०. म्हणजे या कुर्त्यावर भरायला काहीच नव्हतं, उलट २ रुपये ४० पैसे पुढे ओढले गेले असते. वर टीसीएसचे ५ रुपये वेगळेच. ते पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट’ या पानावर जाऊन स्वीकारावे लागतात, मग तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होतात आणि कर भरायला वापरता येतात. तुमचे नऊ महिन्यांचे तिथे तसेच पडून असतील. निल रिटर्न भरून तुम्ही कर चुकवलात कमी आणि स्वतःचं क्रेडिट सोडलंत जास्त, असं चित्र निघण्याची बरीच शक्यता आहे.

पण याला दोन अटी आहेत. पहिली म्हणजे गुळेदगुड्डच्या व्यापाऱ्याने तुमच्या जीएसटी नंबरावर बिल दिलेलं असलं पाहिजे आणि ते त्याने स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे. तसं झालं तरच ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वजावटीच्या यादीत, उमटतं, आणि २बी मध्ये नसलेला कर वजा मिळत नाही. ‘बिल नको असेल तर मीटरमागे दोन रुपये कमी’ ही तडजोड तुम्ही करत असाल तर आता परत गणित मांडा. नोंदणी नसलेल्या विणकराकडून थेट घेत असाल तर त्यात कर नसतोच, वजावटही नसते. खरेदीची पावती मात्र तरीही हवी.

दुसरी अट दरांची, आणि इथे तुमचं वर्ष अवघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. आता २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. त्याआधी ही रेषा १,००० वर होती आणि पुढे १२ टक्के होते. म्हणजे तुमचा १,४०० चा कुर्ता जुलैत विकला असेल तर १२ टक्के, दिवाळीत विकला असेल तर ५. नऊ महिन्यांची विक्री एका रकमेत लिहून चालणार नाही. २१ सप्टेंबरपर्यंतची वेगळी काढा, त्यात हजाराखालची आणि हजारावरची वेगळी. कर प्रत्यक्ष भरावा लागलाच तर तो या जुन्या, हजारावरच्या कुर्त्यांवर लागेल. पर्सचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, कपड्यांपेक्षा वेगळा असतो, ती कुर्त्याच्या दरात घालू नका. प्लॅटफॉर्मवर माल चढवताना तुम्ही कोणता कोड निवडला होता ते एकदा बघून घ्या. घाईत सगळ्याला एकच कोड दिलेला मी फार ठिकाणी पाहिला आहे.

यजमानांचं म्हणणं मला समजतं. हातात राहत नाही हे खरं असेल. पण जीएसटी नफ्यावर नसतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या १,०५० मधले ५० तुमचे कधीच नव्हते. तोट्यात विकलं तरी ते द्यायचेच. नफ्यावरचा कर तो प्राप्तिकर, त्याचं पुढे सांगतो.

नंबर रद्द करायचं म्हणाल, तर तुमच्यासारख्यांसाठी एक सवलत आहे. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून एवढे लहान विक्रेते जीएसटी नंबराशिवाय, पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, प्लॅटफॉर्मवर विकू शकतात. पण अट अशी की माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. गडहिंग्लजहून संकेश्वर हाकेच्या अंतरावर आहे, तरी ते कर्नाटक. निपाणी, बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा: जिथे मराठी माणूस तिथे खणाला मागणी. कर लागणारा माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. इन्स्टाग्रामवर बेळगावच्या मैत्रिणीने मागवलेला एक टॉपही त्यात आला. कंपोझिशन योजनेतसुद्धा, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेतही, राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणून तीही तुमच्या कामाची नाही. महाराष्ट्राबाहेरची तुमची विक्री किती, हे प्लॅटफॉर्मच्या अहवालात राज्यवार दिसेल. ती नगण्य असेल आणि सोडायची तयारी असेल तर वेगळा विचार करू. मला वाटतं तसं नसणार. नंबर ठेवा.

प्लॅटफॉर्म कधी ‘माल आमच्या गोदामात ठेवा, लवकर पोचेल’ असं म्हणेल. भिवंडीचं गोदाम असेल तर तो पत्ता तुमच्या नोंदणीत जोडावा लागेल. बेंगळुरू किंवा गुरुग्रामचं असेल तर त्या राज्यात नवी नोंदणी आणि नवी रिटर्नं. सध्या घरूनच पाठवा.

आता वही. टॅली शिकायची गरज नाही. शिकलात तर वाईट नाही, पण तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाही, रोज लिहायला बसण्याची आहे. म्हणून रोज लिहूच नका. प्लॅटफॉर्मवरची विक्री तुम्हाला हाताने लिहावीच लागत नाही, ती तयार मिळते. महिना संपला की दोन्ही प्लॅटफॉर्मवरून दोन-दोन फाइली उतरवा: एक विक्रीचा कर अहवाल, ज्यात ऑर्डरवार किंमत, कर, राज्य आणि परत आलेला माल असतो, आणि दुसरा सेटलमेंटचा अहवाल, ज्यात कपात दिसते. सोबत कमिशनचं कर-बिल. महिन्याच्या नावाचा फोल्डर करून त्यात टाका. प्लॅटफॉर्म जुने अहवाल कायमचे ठेवेलच असं नाही, आणि कायद्याने हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात.

मग ताळा घ्यायचा, आणि हीच खरी वही. विक्री अहवालातली एकूण रक्कम घ्या, परत आलेला माल वजा करा, सेटलमेंटमधली कपात वजा करा. उरेल ते बँकेत आलेल्या रकमेशी जुळतं का बघा. पहिल्या महिन्यात जुळणार नाही. बहुतेक वेळा कारण तारखांचं असतं. २६ तारखेला गेलेल्या ऑर्डरीचे पैसे पुढच्या महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतात. ‘येणे बाकी’ म्हणून एक रकाना ठेवा, म्हणजे हा फरक दिसेल आणि पुढच्या महिन्यात मिटेल. मिटला नाही तर तो तुमचा अडकलेला पैसा आहे. परत आलेला म्हणून दाखवलेला आणि प्रत्यक्षात घरी न पोचलेला कुर्ता असाच सापडतो. प्लॅटफॉर्मवर त्याचा दावा करायची मुदत कमी असते. कुणाला कराच्या भीतीने हिशेब ठेवावासा वाटत नसेल तर यासाठी तरी ठेवावा. मार्चअखेरीला हा रकाना फार महत्त्वाचा. पैसे एप्रिलमध्ये आले तरी मार्चच्या बिलाची विक्री मार्चचीच.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामची विक्री मात्र कुणी लिहून देणार नाही. तिथे पार्सल बांधतानाच बिल करा. सलग क्रमांकाचं, तुमच्या नावाचं आणि जीएसटी नंबराचं. मोबाइलवरचं साधं बिलिंग अ‍ॅप चालतं, छापील बिलबुकही चालतं. प्लॅटफॉर्मवरची बिलं त्यांच्या क्रमांकाने निघतात, म्हणून तुमची मालिका वेगळी ठेवा. आणि यूपीआयचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेणं आजपासून बंद. धंद्याचं वेगळं खातं, त्याचाच क्यूआर. तुमच्या बचत खात्यात भिशीचे पैसे, भावाने पाठवलेले पैसे आणि कुर्त्याचे पैसे एकत्र असतील, तर उद्या कुणी विचारलं तर कोणते कशाचे हे सांगताना तुमचीच दमछाक होईल. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि किती गदारोळ झाला, ते तुम्ही वाचलं असेल. तिथे कितीतरी जणांची अडचण हीच होती की खात्यातलं धंद्याचं कोणतं आणि घरचं कोणतं हे दाखवायला कागद नव्हता.

शिवणाऱ्या पाच जणींची मजुरी शक्यतो यूपीआयने द्या. रोख दिली तर वहीत तारीख, नग, दर आणि सही. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही म्हणून तुमचा हा खर्च नाकारला जात नाही. एवढंच की त्यावर वजावटीला कर नसतो.

एक काम ३१ मार्चला संध्याकाळी बसून करावंच लागेल: माल मोजायचा. किती खण अखंड, किती कापलेले, किती कुर्ते तयार, किती परत येऊन कोपऱ्यात पडलेले. खरेदी किमतीने त्याची यादी करा. ‘हातात काही राहत नाही’ याचं उत्तर मला वाटतं या यादीत निघेल. वरच्या कुर्त्यात १,००० मधून १८० आणि ४०० गेले की ४२० उरतात. शिवण, अस्तर, बटणं, पिशवी धरून २०० घालवा, तरी २२० सुटतात. मग ते दिसत का नाहीत? बऱ्याच ठिकाणी ते नव्या रंगाच्या कापडात आणि न खपलेल्या साइजमध्ये बसलेले असतात. धंद्यात नफा असतो, फक्त तो कपाटात घडी घालून ठेवलेला असतो. नाहीतर खरंच परत येणाऱ्या मालाच्या कुरिअरमध्ये जात असतो, आणि तसं असेल तर कोणत्या वस्तूवर जास्त माल परत येतो ते बघून ती प्लॅटफॉर्मवरून काढून टाकणं हा कराच्या पलीकडचा पण जास्त मोलाचा सल्ला आहे.

प्राप्तिकराचं थोडक्यात. २०२५-२६ ची तुमची सगळी मिळून विक्री १४ लाखांच्या आसपास जाईल असं धरतो. लहान धंद्यांसाठी अंदाजित नफ्याची योजना आहे, कलम ४४एडी. बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा आणि सुगम म्हणजे आयटीआर-४ भरायचा. १४ लाखांवर ६ टक्के म्हणजे ८४ हजार. मात्र ‘किमान’ हा शब्द विसरू नका. खरा नफा अडीच लाख असेल तर अडीच लाखच दाखवायचा. तसा दाखवलात तरी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर येतो, तेव्हा दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर तुम्हाला भरायला काही राहत नाही. एकदा या योजनेत गेलात आणि पाच वर्षांच्या आत सोडलीत तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. प्राप्तिकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या कायद्यानेच जाईल. आणि गंमत बघा, या योजनेत प्राप्तिकर खातं तपशीलवार वह्या मागत नाही, पण जीएसटी नोंदणी आहे म्हणून खरेदी, विक्री आणि मालाची नोंद ठेवावीच लागते. त्यामुळे ‘सीएने सांगितलं वही लागत नाही’ हे अर्धंच खरं.

माणूस बदलायचा का, असंही तुम्हाला वाटत असेल. महिन्याला एवढ्याच ऑर्डरी असताना मोठ्या सीएची गरज नाही. ऑनलाइन विक्रेत्यांचं काम करणारा करसल्लागार शोधा. पहिल्या भेटीत एकच विचारा: ‘टीसीएस क्रेडिट कुठे बघायचं?’ पोर्टल उघडून दाखवलं तर काम द्या. मागचे नऊ महिने निस्तरण्याचे पैसे वेगळे ठरवा, त्यात घासाघीस करू नका. सप्टेंबरच्या आधीचे आणि नंतरचे दर वेगळे काढणं हे वेळखाऊ काम आहे.

राहिलं कर्ज. मुद्रा योजनेत ५० हजारांच्या पुढे ५ लाखांपर्यंतचं कर्ज ‘किशोर’ गटात मिळतं, त्याला तारण लागत नाही. तुमची विक्री बघता तीन लाख फार नाहीत. पण बँक मॅनेजर पहिल्यांदा जीएसटी रिटर्न मागेल आणि त्याला तीन तिमाही शून्य विक्री दिसेल. शून्य विक्रीच्या धंद्याला मशीन कशाला, असं त्याने विचारलं तर चूक त्याची नाही. म्हणून आत्ता अर्ज करू नका. एप्रिलचं रिटर्न दुरुस्तीसह जाऊ दे, त्यानंतर लगेच प्राप्तिकराचं रिटर्न भरा, आणि दोन्ही कागद, नव्या खात्याचं स्टेटमेंट, मशिनींचं कोटेशन घेऊन जा. कोटेशनवर आणि पुढे बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालायला सांगा, कारण मशिनीवरचा करही वजा मिळतो.